‘खट्’ वाजले म्हणून डिफरेन्शियल उघडू नका

संपादक महोदय,

पावसाळा सरला की कुळ्याहून दूधसागरच्या जीप पुन्हा धावू लागतात, आणि गिअर टाकताच खालून ‘खट्’ वाजणाऱ्या गाड्या गॅरेजच्या दारात येतात. काहीही न मोजता ‘क्राऊन-पिनियन गेला’, म्हणजे डिफरेन्शियलमधली चाकांना फिरवणारी दातेरी जोडी झिजली, असे सांगितले जाते. हजारो रुपये जातात आणि पुष्कळदा आवाज तसाच राहतो. हे थांबायला हवे.

नव्या क्राऊन-पिनियनच्या दातांतही साधारण 0.15 ते 0.20 मिमी फट ठेवावीच लागते. पिनियनच्या फ्लँजच्या (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतात त्या चकतीच्या) काठावर ती जेमतेम अर्धा मिमी जाणवते. उलट दोन्ही एक्सलच्या (चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या खाचा, झिजून चाकापाशी 2 अंशांचा प्ले (ढिलेपणा) असेल आणि रेशो 4 चा (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे चार) असेल, तर फ्लँज 8 अंश फिरतो. 100 मिमी व्यासाच्या फ्लँजच्या काठावर जवळजवळ 7 मिमी. झीज एक्सलची, बदलला जातो क्राऊन-पिनियन.

तपासणी सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून करावी. जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून उटी (अडसर म्हणून पाचर किंवा दगड) हवीच. काही जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांडीवर) असतो. मागचे एक चाक उचलले की तो निरुपयोगी होतो आणि गाडी घरंगळते. गिअरचाही तेव्हा भरवसा नाही.

आधी क्रॉस, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा अधिक चिन्हासारखा सांधा, पाहा. एका हाताने योक (क्रॉस धरणारे दुबेळके), दुसऱ्याने शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. इथे हाताला जाणवेल इतकाही प्ले चालत नाही. क्रॉसच्या टोकावरच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्या असे समजा. ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत भरायचे असते. एक कप कोरडा राहिला तरी क्रॉस फार टिकत नाही. स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि गिअरबॉक्सचे रबर माउंटही याच वेळी हलवून पाहा, कारण त्यांचा आवाज अगदी असाच येतो.

मग न्यूट्रल टाकून, मागची चाके उटीत घट्ट ठेवून, फ्लँज आणि डिफरेन्शियलच्या हौसिंगवर (कवचावर) खडूची एक सरळ रेघ ओढा. शाफ्ट मागेपुढे फिरवला की रेघ जितकी सरकेल तितका एक्सलकडचा प्ले. त्यानंतर गिअरमध्ये टाकून मागचे एक चाक स्टँडवर घ्या. आता जाणवेल तो गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा). पुढच्या शाफ्टसाठी फोर-हाय (चारही चाकांची जलद रेंज) लावून पुढच्या चाकांचे हब लॉक करावे लागतात. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधला डिफरेन्शियल लॉक केल्याशिवाय हे माप खरे येत नाही.

फ्लँज वरखाली किंवा आतबाहेर हलला तर पिनियनचे बेअरिंग गेले. तेव्हा मात्र उघडावेच लागते. नट कसून प्ले काढू नये. त्या नटाने बेअरिंगवरचा दाब ठरतो, दातांतली फट नव्हे.

आपल्याकडे या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. तापलेले हौसिंग थंड नदीत उतरले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हौसिंगमध्ये हवा ये-जा करू देणारे तोंड) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले तर त्याच दिवशी बदला, ब्रीदर साफ करा आणि क्रॉसना नवे ग्रीस द्या.

— एक वाचक, सावर्डे