बाळाच्या अहवालाविषयी आई-बाबांस

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाळाचा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, अहवाल आला असून डाऊन सिंड्रोमचे निदान नक्की झाले आहे, हे दादाने तुम्हाला फोनवर कळवलेच आहे. त्यानंतर आत्याने ग्रहणाचा विषय काढला आणि त्या दिवशी वहिनीने भाजी चिरली होती का, अशी चौकशी घरात सुरू झाली, म्हणून मी हे सविस्तर लिहीत आहे. बाबा, हे पत्र आत्यालाही वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र त्यात जावे लागते. कधी २१ वी जोडी विलग होत नाही, दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजांडात जातात आणि पित्याकडचे तिसरे त्यांना येऊन मिळते; २१ व्या गुणसूत्राच्या या तीन प्रती म्हणजेच डाऊन सिंड्रोम. डाऊनच्या बहुतेक मुलांत हे असेच घडते. थोड्या मुलांत जादा गुणसूत्र पित्याकडून येते. स्त्रीची बीजांडे ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच विभागू लागतात, मध्येच थांबतात आणि कित्येक वर्षांनी ते काम पुरे करतात. वयाबरोबर चूक होण्याचा संभव वाढतो तो त्यामुळेच. म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीच जे बहुधा घडून गेले, त्याचा दोष सातव्या महिन्यातल्या ग्रहणावर कसा टाकता येईल?

शिवाय ही चूक केवळ माणसांत होते असेही नाही. जपानमधील कुमामोतो येथे क्योतो विद्यापीठाचे चिंपांझींचे आश्रयस्थान आहे. १९९२ साली जन्मलेल्या कनाको नावाच्या मादीची तेथे तपासणी झाली, तेव्हा तिच्या पेशींत २२ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती आढळल्या. हा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तशी पहिली नोंद अमेरिकेत १९६९ सालीच झाली होती. कनाकोला वर्षाच्या आतच मोतीबिंदू होऊ लागला, सातव्या वर्षापर्यंत तिची दृष्टी गेली आणि तिच्या हृदयाच्या पडद्यालाही छिद्र होते. आपल्याकडच्या डाऊनच्या मुलांत डॉक्टर ज्या गोष्टी मुद्दाम तपासतात, त्यांतल्याच या आहेत. तिच्या आईने ग्रहणात काही चिरले असेल, असे निदान आत्या तरी म्हणणार नाही.

चिंपांझींत २२ वे आणि माणसात २१ वे, हा फरक बाबांना खटकेल. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात. आपल्या पूर्वजांत त्यांपैकी दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून एक झाली; तेच आपले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे गुणसूत्र, आणि त्या सांध्याची खूण त्यावर अजून सापडते. त्यामुळे पुढचे क्रमांक एकेकाने सरकले आणि त्यांचे २२ वे ते आपले २१ वे ठरले. गंमत अशी की, माणसाच्या पेशीतही ४८ गुणसूत्रे असतात असेच शास्त्रज्ञ कित्येक वर्षे मानत होते. ४६ हा आकडा १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि डाऊनच्या मुलांत ४७ असतात, हे त्यानंतर तीनच वर्षांनी समजले. वाघांच्या किंवा मांजरांच्या ‘डाऊन’च्या म्हणून जी छायाचित्रे आईच्या व्हॉट्सॲपवर येतात, त्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. वाघांत आणि मांजरांत गुणसूत्रांच्या १९ जोड्याच असतात, त्यामुळे आपल्या २१ व्याशी जुळणारे वेगळे गुणसूत्र तेथे त्या क्रमांकाला नाहीच.

आता बाळाविषयी. अहवालात तिसरे गुणसूत्र सुटे आहे, दुसऱ्या एखाद्याला चिकटलेले नाही. डाऊनच्या सुमारे ९५ टक्के मुलांत असेच असते आणि त्यामुळे दादा-वहिनींच्या रक्ताची तपासणी करण्याची गरज नाही, असे जनुकीय समुपदेशकांनी सांगितले. तेव्हा दोष कोणत्या घराण्याकडून आला, हा प्रश्नच निघत नाही. अशा साधारण निम्म्या मुलांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, याच आठवड्यात करायचा आहे. थायरॉइड, ऐकणे आणि डोळे यांच्या तपासण्या त्यापाठोपाठ होतील. स्नायू सैल असल्याने दूध ओढायला बाळाला वेळ लागतो, त्यामुळे वहिनीची झोप होत नाही. आई, तू बारशाची वाट न पाहता आधीच ये आणि रात्रीचे एखादे पाजणे झाल्यावर बाळाला तुझ्याकडे घेत जा. इकोचा निकाल मिळाला की मी लगेच फोन करीन.

तुमची,
मेधा