एकाच ऑइल गळतीसाठी तीन वेळा गाडी आणली, मूळ कुणीच शोधलं नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : इंजिन ऑइलच्या गळतीचं कारण न शोधता सुटे भाग बदलल्याबाबत आणि त्या कामांचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी पेट्रोल गाडी आपल्या कंपनीची आहे. ती ६४,००० किलोमीटर चालली असून आजवरची तिची प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच झाली आहे. गेल्या चार महिन्यांत एकाच तक्रारीसाठी मी तिथे तीन वेळा गेले. तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

तक्रार साधी होती. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी खाली तपकिरी ऑइलचे तीन-चार थेंब दिसायचे. काही दिवसांनी सिग्नलला थांबल्यावर जळका वासही येऊ लागला. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण जॉब कार्डावर फक्त थेंबांची नोंद झाली. वासाचा उल्लेख तिन्हीपैकी एकाही कार्डावर नाही.

पहिल्या वेळी ड्रेन प्लगचा (ऑइल काढायच्या बुचाचा) वॉशर बदलला. आठवड्याभरात थेंब पुन्हा दिसू लागले. दुसऱ्या वेळी चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून त्याचं पॅकिंग बदललं आणि कार्डावर ‘ऑइल लीकेज अटेंडेड’ असं लिहून गाडी ताब्यात दिली. घरी येऊन डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. जादा ऑइल क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्यात घुसळलं जाऊन त्याला फेस येतो आणि वंगण नीट पोचत नाही, हे आपल्या माणसांना मी सांगायची गरज पडू नये. ते काढून घेण्यासाठी मला पुन्हा जावं लागलं, ती फेरी मी वरच्या तीनमध्ये धरलेलीही नाही.

तिसऱ्या वेळी सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, “मॅडम, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” कशावरून, असं मी विचारलं. “बेल हाउसिंग ओलं आहे ना,” असं उत्तर मिळालं; म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण. गाडी लिफ्टवर होती, म्हणून मी खाली जाऊन पाहिलं. इंजिनची मागची बाजू वरपासून खालपर्यंत तेलकट, धुळीने काळी झालेली होती. तीन भेटींत कुणी ती एकदा धुऊनही पाहिली नव्हती. अशा थरातून ऑइल नेमकं कुठून सुटतंय हे कुणालाच कळणार नाही. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे थेंब जिथून पडतो ती बहुतेक वेळा शेवटची जागा असते. ओलाव्याची सर्वांत वरची जागा शोधायची, हा या कामाचा पहिला नियम आहे आणि तोच पाळला गेला नाही. मी गिअरबॉक्स उतरवू दिला नाही.

नंतर एका अनुभवी मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यांनी कोणताही भाग खोलण्याआधी इंजिन डीग्रीझरने धुतलं, कोरडं केलं, ऑइलमध्ये गळती दाखवणारा रंग टाकला आणि मला साधारण ३० किलोमीटर गाडी चालवून आणायला सांगितलं. परतल्यावर अंधारात अतिनील टॉर्च मारला, तेव्हा पिवळसर हिरवी रेघ लख्ख दिसली. ती टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून निघत होती, ब्लॉकवरून उतरत बेल हाउसिंगपर्यंत पोचत होती आणि तिथून थेंब पडत होते. वाटेत तिचा एक फाटा एक्झॉस्टच्या गरम पाइपवर जात होता. जळका वास त्याचाच होता. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल पडत राहिलं तर आग लागू शकते. मी इतके दिवस त्याच गाडीतून माझ्या आईला आणि मुलाला नेत होते. हे लिहिताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ते मेकॅनिक इथेही थांबले नाहीत. कव्हरचं पॅकिंग का फुटलं, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर पातळ कागद धरला. इंजिनमध्ये साचणारा वायू बाहेर काढणारा ब्रीदर ठीक असेल तर आयडलिंगला (गाडी जागेवर उभी असताना) कागद हलकासा आत ओढला जातो. इथे तो फडफडत वर उडाला. ब्रीदरचा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप गाळाने चोंदला होता. पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून आतला दाब मिळेल त्या पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलत होता. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर काही महिन्यांनी तेही गळलं असतं, किंवा दुसरं एखादं सील. मागचं सील मात्र कोरडं होतं.

व्हॉल्व्ह, पाइप आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून आता पाच आठवडे झाले. रोज रात्री गाडीखाली मी पुठ्ठा अंथरते. तो कोरा आहे. १,२०० किलोमीटरनंतरही डिपस्टिकवरची पातळी हललेली नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं हे झालं. चुकीचा अंदाज कुणाचाही होऊ शकतो, त्याबद्दल माझा राग नाही. पण न तपासता अंदाज करायचा आणि त्याचं बिल ग्राहकाने भरायचं, हे मला मान्य नाही. त्यामुळे ड्रेन प्लगच्या आणि चेंबरच्या कामाची मजुरी व सुट्या भागांचे पैसे मला परत मिळावेत. गळती बंद झाल्याची खात्री कोणती चाचणी करून घेतली होती आणि जळक्या वासाची नोंद का झाली नाही, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. गळतीच्या तक्रारीत इंजिन धुऊन, रंग टाकून आणि ब्रीदर तपासूनच गिअरबॉक्सला हात लावावा, अशी सूचना आपण सर्व सर्व्हिस सेंटरना द्यावी. माझ्यासारख्या एखादीने होकार दिला असता, तर तिचा धड असलेला गिअरबॉक्स विनाकारण उतरला असता आणि गळती तशीच राहिली असती.

चोंदलेला व्हॉल्व्ह, पाइप, जुनं पॅकिंग आणि टॉर्चच्या उजेडात घेतलेली छायाचित्रं मी जपून ठेवली आहेत. आपल्या तंत्रज्ञांना ती पाहायची असतील तर मी घेऊन येईन. १५ दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक वाहनधारक

सोबत : तिन्ही जॉब कार्डांच्या व बिलांच्या प्रती, छायाचित्रं