ही तपासणी कोणत्या गोळीसाठी?

महोदय,

कोणतं औषध मानवेल हे जनुकांवरून सांगणाऱ्या तपासण्या आता पुण्यात हेल्थ पॅकेजमध्ये मिळू लागल्या आहेत. ढीगभर औषधांचा लाल-हिरवा तक्ता हाती येतो आणि रुग्ण तो घेऊन फॅमिली डॉक्टरांसमोर बसतो. तपासणी खोटी नाही. पण तिचा ठोस उपयोग मोजक्याच औषधांत होतो, तोही बहुधा औषध सुरू होण्याआधी. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारावं, ही कोणत्या गोळीसाठी?

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलचंच पाहा. स्टेंट बसवल्यावर रोज ७५ मिलिग्रॅमची ही गोळी अनेकांना असते. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एंझाइम तिला कामाला लावतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकात दोन प्रती असतात; त्यातली किमान एक निकामी असणं साधारण निम्म्या भारतीयांत आढळतं. दोन्ही प्रती निकामी असतील तर गोळी न चुकता घेऊनही तिचा पुरेसा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१० मध्येच तसा ठळक इशारा दिला आहे. पर्याय आहेत: टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना तिने धाप लागते, प्रासुग्रेल पूर्वी पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत. हार्ट अटॅकच्या वेळी अहवालासाठी कोणी थांबत नाही, थांबूही नये. पुढे खर्चामुळे किंवा रक्तस्रावामुळे क्लोपिडोग्रेलवर यायचं ठरतं, तेव्हा ही तपासणी खरी उपयोगी पडते.

अहवालात ‘पुअर मेटाबोलायझर’ (म्हणजे हे एंझाइम जेमतेम चालणारा) वाचून घरच्या घरी गोळी बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. दुसरी गोळी सुरू न करता पहिली थांबवली, तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. शिवाय हाच शेरा दुसऱ्या औषधाला उलटा लागू होतो. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल याच एंझाइमने मोडतात. ते मंद असेल तर त्या शरीरात जास्त वेळ राहतात, म्हणजे परिणाम वाढतो. त्यात ओमेप्राझोल स्वतःच हे एंझाइम अडवते, त्यामुळे जनुक उत्तम असूनही क्लोपिडोग्रेल कमी पडू शकते. हे डीएनएच्या अहवालात दिसत नाही, चिठ्ठीवरच्या सगळ्या गोळ्या एकत्र पाहिल्या तर दिसतं. अशा वेळी पँटोप्राझोल बरी.

आतड्याच्या सुजेसाठी किंवा ल्युपससाठी दिल्या जाणाऱ्या ॲझाथायोप्रिनची गोष्ट वेगळी. पाश्चात्त्य पद्धतीने फक्त टीपीएमटी हे जनुक तपासलं, तर आपल्याकडचे बरेच धोक्यातले रुग्ण सुटतात, कारण भारतीयांत एनयूडीटी१५ मधला दोष जास्त आढळतो. दोन्ही जनुकं मागावीत. एनयूडीटी१५ च्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या डोसने पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. आणि अहवाल नॉर्मल आला म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, टाळू नये.

फिट्स किंवा चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी कार्बामाझेपिन सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार आहे का ते पाहतात, कारण तो असेल तर त्वचा सोलून निघण्याची गंभीर रिॲक्शन येऊ शकते. ती बहुधा पहिल्या काही महिन्यांतच येते. वर्षानुवर्षं ही गोळी विनातक्रार घेणाऱ्याला या तपासणीतून फारसं काही मिळत नाही. नैराश्याच्या औषधांची पॅनेल्स, म्हणजे अनेक जनुकांच्या एकत्रित तपासण्या, मात्र दाव्यांच्या मानाने कच्ची आहेत, आणि अशा दाव्यांबद्दल एफडीएने २०१८ मध्ये सावध केलं होतं.

अहवालात जनुकापुढे ‘*१/*१’ (दोन्ही प्रती नॉर्मल) दिसलं म्हणजे जनुक निर्दोष ठरलं असं नाही. प्रयोगशाळेने जे बदल शोधले ते सापडले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून कोणते बदल शोधले याची यादी वाचावी. यादी नसेल तर मागावी. नमुन्याला जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. बोन मॅरो प्रत्यारोपण झालं असेल तर आधी सांगावं, कारण तेव्हा रक्तातला डीएनए दात्याचा असतो. यकृत प्रत्यारोपणात उलट: रक्त आपलं, औषध मोडणारं यकृत दात्याचं.

शहरातल्या प्रयोगशाळांनी ही यादी पहिल्याच पानावर छापावी. रुग्णालयांनीही जनुकाचा निकाल डिस्चार्ज कार्डवर, ॲलर्जीच्या रकान्याशेजारी लिहावा. तो आयुष्यभर बदलत नाही, पण फाइल मात्र दोन वर्षांत हरवते.

– औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, एरंडवणे, पुणे