फावडं हातात असलं तरच ते काम का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंदीत बेकारांना मदत कशी करावी यावर तुमच्या रविवारच्या अंकात जो मोठा लेख आला होता तो दोनदा वाचला. लेखकाचा मुद्दा असा की नुसते पैसे वाटू नका, कामाच्या बदल्यात द्या. हे पटलं, पण पुढे कामं कुठली तर रस्ते, तलाव, गटारं, झाडं लावणं, बस्स, आणि शिकलेल्या बेकारांचं काय हा प्रश्न एका ओळीत गुंडाळून टाकलाय. म्हणजे फावडं धरता आलं तरच मदत, नाहीतर घरी बसा. आपल्याकडे दुष्काळी काम म्हटलं की खडी फोडणं हेच चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दुसरं काही काम असू शकतं हे सुचतच नाही.

शिकवणं हेसुद्धा मदतीचं काम होऊ शकतं, आणि हे काही माझं स्वप्नरंजन नाही, हे झालेलं आहे. लेखात अमेरिकेच्या १९३० च्या महामंदीचं उदाहरण दिलंय, धरणं बांधली, पूल बांधले वगैरे, पण त्याच योजनेतला अर्धा मजेशीर भाग सोडून दिलाय म्हणून हे पत्र.

१९३३ साली तिकडे साधारण चारातला एक कामगार बेकार होता. कर भरला जात नव्हता म्हणून शाळांकडे पैसे नव्हते, खेड्यातल्या कितीतरी शाळा बंद पडल्या. शिकागोत तर शिक्षकांना महिनोन् महिने पगार नव्हता आणि त्या एप्रिलमध्ये ते चिडून मोर्चा घेऊन थेट बँकांवर गेले. आता एका बाजूला हे बिनपगारी आणि बेकार शिक्षक, आणि दुसऱ्या बाजूला १९३० च्या जनगणनेत लिहिता वाचता न येणारे बेचाळीस लाखांच्या वर लोक, त्यातले बरेच आता काम नाही म्हणून दिवसभर मोकळेच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मदतीच्या कामावर हॅरी हॉपकिन्स या माणसाला नेमलं होतं, त्याच्या खात्याला सुरुवातीला पन्नास कोटी डॉलर मिळाले होते. त्याने १९३३ च्या ऑगस्टमध्ये आधी खेड्यातल्या बंद शाळांसाठी बेकार शिक्षक घ्यायला परवानगी दिली आणि ऑक्टोबरपर्यंत ती मोठ्यांच्या वर्गांना लागू केली, साक्षरता, धंदेशिक्षण, अपंगांसाठी प्रशिक्षण, आणि गरीब घरातल्या लहान पोरांसाठी बालवाड्यासुद्धा. १९३५ मध्ये हे सगळं डब्ल्यूपीए नावाच्या मोठ्या सरकारी रोजगार योजनेत गेलं आणि ती १९४३ पर्यंत चालली.

हिशोबाने बघा. रस्ता करायचा तर खडी, डांबर, रोलर, ट्रक, कॉन्ट्रॅक्टर, आणि मजुराच्या हातात काय पडतं ते सगळ्यांना माहितीच आहे. वर्ग चालवायला काय लागतं? शाळेची खोली संध्याकाळी रिकामीच असते, फळा भिंतीवर आहेच, खडूचा डबा आणि दिवा. बाकी जवळजवळ सगळा पैसा सरळ माणसाच्या खिशात जातो. मदतीच्या पैशाचा उद्देशच तो आहे ना, की घराघरात चार पैसे पोचावेत? शिवाय पावसात काम बंद नाही, उन्हात चक्कर येऊन कोणी पडत नाही, पन्नाशीच्या माणसालाही जमतं, बाईला जमतं, पाय अधू असला तरी जमतं.

बायकांचा मुद्दा जरा जास्त सांगतो कारण तो लेखात नावालाही नाही. तिकडे बेकार तरुण मुलांसाठी जंगलात कॅम्प होते, सीसीसी म्हणायचे त्याला, महिन्याला तीस डॉलर आणि त्यातले पंचवीस घरी पाठवायचे असा नियम. एकूण पंचवीस लाखांच्या वर मुलं त्यातून गेली. दिवसभर झाडं लावायची आणि रात्री ज्याला पाहिजे त्याने वर्गात बसायचं, कितीतरी मुलं तिथे पहिल्यांदा सही करायला शिकली. मुलींसाठी तसे कॅम्प काढावेत म्हणून रूझवेल्टबाई, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, आणि हिल्डा स्मिथ म्हणून एक शिक्षिका मागे लागल्या तेव्हा लोकांनी त्याची थट्टा केली. कॅम्प निघाले पण मुली किती, तर एकूण साडेआठ हजारांच्या आसपास, आणि १९३७ मध्ये ते बंदच केले. म्हणजे मदत म्हणजे फावडं आणि फावडं म्हणजे पुरुष हे डोकं तिकडेही तसंच होतं.

पण अमेरिकेतल्याच केंटकी राज्याच्या डोंगरात त्या डब्ल्यूपीए योजनेत एक भारी गोष्ट झाली. तिथे रस्तेच नव्हते, ओढ्याच्या पात्रातूनच वाट. तर बायकांना नोकरी दिली घोड्यावरून किंवा खेचरावरून पुस्तकं पोचवायची. महिन्याला अठ्ठावीस डॉलर, जनावर त्यांनीच आणायचं. सरकार फक्त पगार द्यायचं, पुस्तकं लोकांनी दिलेली, फाटकी, आणि ती कमी पडली की या बायका जुनी मासिकं कापून वहीत चिकटवायच्या, रेसिपी, गोधडीचे नमुने, असलं काय काय, आणि तीच वही घरोघर फिरायची. आता याला काम म्हणायचं की नाही? मला तरी पूल बांधण्याइतकंच वाटतं.

आता कोणी म्हणेल की हे सगळं सेवाभावी लोकांनी करावं, त्याला पैसे कशाला. त्याच केंटकीत १९११ मध्ये कोरा विल्सन स्टुअर्ट नावाच्या बाईने चांदण्या रात्री मोठ्यांच्या शाळा सुरू केल्या, चांदणं असलं की लोकांना वाट दिसते म्हणून. दीडशे लोक येतील असं वाटलं होतं, आले बाराशेच्या वर. शिक्षक सगळे बिनपगारी, दिवसभर मुलांना शिकवून रात्री मोठ्यांना. तिने मोठ्यांना पोरांचं पुस्तक दिलं नाही, त्यांच्यासाठी छोटा पेपर छापला, त्यात गावातल्याच बातम्या, ही अक्कल आजही कितीतरी ठिकाणी नसते. पण लक्षात घ्या, त्या शिक्षकांना दिवसाची नोकरी होती. पोट भरलेलं होतं म्हणून रात्र फुकट देता आली. ज्याची नोकरी गेलीय त्याच्याकडून सेवाभाव मागणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी अकाउंट्सची नोकरी गेली तेव्हा एका संस्थेने संध्याकाळच्या वर्गावर शिकवशील का विचारलं, मानधन नाही, सर्टिफिकेट देऊ म्हणाले. घरी बसून डोकं फिरायला लागलं होतं म्हणून हो म्हणालो. वर्गात एक सुतार होता, पंचावन्नच्या पुढचा, बांधकामं थांबली म्हणून तोही बेकार. पहिल्या दिवशी त्याला साधी पेन्सिल दिली तर दोन मिनिटात टोक मोडलं, परत टोक करून दिली, परत मोडलं. मग त्याने कानामागची स्वतःची पेन्सिल काढली, ती सुतारांची चपटी लाल असते ती, आणि तिने लिहायला लागला. आकडे त्याला सगळे यायचे, टेपवर रोज बघतोय ना, अक्षर एकही नाही. त्याचा ‘ल’ असा यायचा की गुण्या लावून काढलाय. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याने मला विचारलं, साहेब तुम्हाला याचे किती मिळतात? मी म्हटलं काही नाही. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, मग किती दिवस याल?

चार महिने गेलो. मग रात्रपाळीचं डेटा एंट्रीचं काम मिळालं, ते घेतलं, घ्यावंच लागलं. वर्ग कोणी दुसऱ्याने चालवला का तर नाही, बंद पडला. सुतार तेव्हा जोडाक्षरांवर आला होता. म्हणजे बघा, दोघेही बेकार, दोघांकडे वेळच वेळ, एकाला शिकायचंय, एकाला शिकवता येतंय, आणि तरी ते चार महिन्यात मोडलं कारण मधे भाडं आणि किराणा होता. अर्धा पूल बांधून सोडला तर पेपरात फोटो येतो, अर्धा शिकवून सोडलेल्या माणसाचा येत नाही.

अमेरिकेतलं सगळं छान छान होतं असं अजिबात नाही. भरतीचा नियम असा की बहुतेक लोक मदतीच्या यादीतलेच घ्यायचे, म्हणजे आधी तुम्ही कंगाल आहात हे दाखवा मग शिकवायला या. त्यामुळे शिकवता येणारा पण कसंबसं भागवणारा बाहेर, आणि कधी वर्गासमोर उभा न राहिलेला आत. ट्रेनिंग दिलं पण ते तुटपुंजं. मोठ्यांना शिकवणं वेगळं असतं हो, त्यांना ओरडून चालत नाही, आणि चुकलं की ते दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. दक्षिणेत काळ्या लोकांचे वर्ग वेगळे ठेवलेले. आणि टीका तर विचारू नका. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चौकशी बसली तेव्हा एका माणसाने सांगितलं की मी मदतीच्या पैशावर ‘बूनडॉगल’ म्हणजे दोऱ्यांच्या, चामड्याच्या असल्या वस्तू करायला शिकवतो, झालं, पेपरांनी तो शब्द उचलला आणि तेव्हापासून सरकारी पैशाच्या फालतू उधळपट्टीला इंग्रजीत तोच शब्द चिकटलाय. गंमत बघा, शिव्या पडल्या त्या शिकवण्याच्या कामाला. रस्ता वाहून गेला तर कोणी नवीन शब्द काढत नाही.

उलट याच वर्गांवर पगार घेऊन काम केलेल्यांमध्ये एला बेकर होत्या, पॉली मरे होत्या, दोघी न्यूयॉर्कमध्ये कामगारांच्या शिक्षणाच्या प्रोजेक्टवर. पुढे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यात दोघी मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. बेकारीत मिळालेली नोकरी होती ती त्यांची.

तेव्हा लेखकाला विनंती की पुढच्या लेखात कामांच्या यादीत हे टाका. दोनच अटी घाला, एक म्हणजे शिकवणाऱ्याला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे, मानधन वगैरे गोड शब्द नकोत, आणि दुसरं म्हणजे शिकणाराही बेकार असेल तर त्याच्या बसण्याचेही तास कामात धरा, कारण तो वर्गात बसला तर त्याची त्या दिवसाची मजुरी जाते आणि मग तो येत नाही, आणि आपण म्हणतो यांना शिकायचंच नाही. आणि हो, नेहमीच्या शाळेतली शिक्षकांची पदं रिकामी ठेवून तिथे ही स्वस्तातली माणसं घुसवू नका, ही भीती खरी आहे, पगार वाचवायचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

पत्र लांबलं, कापायचं तर अमेरिकेचं कापा, सुताराचं ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. लेखात १९३३ च्या संदर्भात हॉपकिन्स यांना मंत्री म्हटलंय. तेव्हा ते मंत्री नव्हते, मदतीच्या खात्याचे प्रमुख होते, वाणिज्यमंत्री झाले ते १९३८ च्या डिसेंबरमध्ये. दुरुस्ती छापावी.