कावीळ झालेल्यांचं गाणं

नेरुळ,
२३ जानेवारी २०२५

प्रिय सुध्या,

गेलो एकदाचा! परवा मंगळवारी, घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर, डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बँड ऐकून आलो. या पंधरा मिनिटांसाठी सप्टेंबरपासून काय कुटाणे केले! तिकिटं निघाली त्या रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसलो, तर माझ्यापुढे लाखोंची रांग. आधी १८ आणि १९ चेच शो होते. मागणी बघून २१ चा वाढवला, तेव्हा कुठे भाच्याच्या मोबाइलवर नंबर लागला. उभं राहायचं तिकीट ६,४५० रुपये. आई म्हणाली, "एवढ्यात तर तू लोकलमध्ये वर्षभर उभा राहशील."

२०१६ला ते मुंबईत, बीकेसीत आले होते, आठवतं? नोटबंदीला अकरा दिवस झाले होते आणि आपण दोघं बँकेच्या रांगेत. ती रांग निदान पुढे तरी सरकत होती.

आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरी पट्टी. तिला बटण नाही, काही नाही. सिग्नल आला की पेटते, आणि तो पाठवणारे म्हणतील तोच रंग. खरं सांगू, मला ते आधी पटलंच नव्हतं. दिवा आपल्या हातावर आणि बटण दुसऱ्याकडे! पहिली दोन-तीन गाणी मी हात खिशात घालून उभा होतो. भाचा मात्र त्या खास फरशीवर नाचायला पळाला. तिच्यावर उड्या मारल्या की वीज तयार होते म्हणे, शेजारी त्यासाठीच सायकलीही मांडलेल्या. मागच्या दौऱ्यापेक्षा दर शोमागे ५९ टक्के कमी कार्बन, असा त्यांचा हिशेब आहे. गावोगावहून विमानाने आलेल्या प्रेक्षकांचं काय, हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, आज नको."

आणि मग 'येलो' लागलं.

सुध्या, तुझी कॅसेट, हॉस्टेलची ती गच्ची, आणि तू सगळ्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचास, "हे कावीळ झालेल्या माणसाचं गाणं आहे." गिटारचा पहिला खर्रर्र आवाज आला आणि स्टेडियमभर सगळी मनगटं एकदम पिवळी. खालपासून पार वरच्या रांगेपर्यंत. अख्ख्या नेरुळला कावीळ! मी एवढ्या मोठ्याने हसलो की पुढची मुलगी वळून बघायला लागली. तिचे डोळे भरलेले. तिला काय सांगणार? मग माझेही भरले. हात खिशातून कधी बाहेर आला, कळलं नाही.

बाकी त्यांचा गायक ख्रिस मार्टिन सत्तेचाळिशीत त्या लांबलचक रॅम्पवर धावतो ते बघून मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली. अबू धाबीत चार शो करून हा इथे आलेला, आता अहमदाबाद, एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सोल. मध्येच एक गाणं थांबवून त्याने सगळ्यांना मोबाइल खाली ठेवायला लावले. त्या गाण्याचा माझ्याकडे काही पुरावा नाही, पण तेच सगळ्यात नीट आठवतंय.

निघताना पट्ट्या परत करायच्या असतात. कुठल्या शहराने किती टक्के परत केल्या, ते पडद्यावर दाखवतात, म्हणजे अब्रूचाच प्रश्न. मी माझी बाहीत सरकवली. भाचा म्हणाला, "मामा, लाज काढलीस." घरी येऊन दिवे घालवून बघत बसलो. ढिम्म. सिग्नलशिवाय ती नुसता प्लास्टिकचा तुकडा.

सोबतच्या पाकिटात तीच आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुझ्या वेम्बलीला त्यांच्या दहा रात्री आहेत. तिकीट नसलं तरी मनगटाला बांध आणि स्टेडियमबाहेर एक चक्कर मार. पेटली तर लगेच फोन कर, इथे कितीही वाजलेले असू देत. आणि आत जायला मिळालंच, तर निघताना तिथल्या डब्यात टाक. मुंबईची एक पट्टी लंडनच्या खात्यात जाईल, जाऊ दे.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
बाळ्या