बाबा, हे कारकुनी काम नाही

प्रिय आई, बाबा,

केंब्रिजला रेणूंच्या स्फटिक-रचनांचा संगणकीय संग्रह सांभाळणारी संस्था आहे, तिथल्या नोकरीला मी होकार कळवला आहे. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबा ‘बघू’ म्हणाले असते, म्हणून लिहिते आहे. दादाच्या वेळी जे झालं ते पुन्हा नको.

बाबा, तुमचा आक्षेप मला पाठ आहे. प्रयोगशाळा सोडून दुसऱ्यांनी काढलेले आकडे तपासत बसायचं, त्याला एम.एस्सी. कशाला? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुम्ही आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलीत, म्हणून हे काम ज्यांनी उभं केलं त्या बाईंबद्दल जरा सविस्तर लिहिते.

ओल्गा केनार्ड. जन्म १९२४ सालचा, बुडापेस्टचा. १९३९ मध्ये कुटुंब इंग्लंडला आलं. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकल्या, तेव्हा तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी देत नसत. ती १९४८ पासून मिळू लागली. पुढे प्रथिनांच्या रचना शोधणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांच्याबरोबर काम, मग क्ष-किरण स्फटिकशास्त्र, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून आतले अणू कुठे आहेत ते शोधणं. आकडे गोळा करणं हा काही त्यांनी प्रयोग जमत नाहीत म्हणून धरलेला आडोसा नव्हता. तुम्ही फळ्यावर काढायचात त्या एटीपीची, पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची, त्रिमितीय रचना १९७० मध्ये सोडवली, ती त्यांच्याच गटानं.

१९६५ मध्ये त्यांनी सेंद्रिय आणि धातू-सेंद्रिय रेणूंच्या स्फटिक-रचना संगणकावर एकत्र आणायला सुरुवात केली. स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती. एकेका प्रयोगातून जे कळत नाही ते सगळे प्रयोग शेजारी ठेवले की कळतं, यावर दोघांचाही ठाम विश्वास होता. तेव्हा अशी कल्पना मांडणारे बरेच असतील, पण रोजचं किचकट काम वर्षानुवर्षं रेटणारी माणसं फार थोडी, असं मला वाटतं.

ते किचकट काम म्हणजे काय, ते ऐका. शोधनिबंधात एकक कोष्ठाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या खोक्याच्या, तीन कडांची लांबी, तीन कोन आणि प्रत्येक अणूची जागा सांगणारे तीन निर्देशांक (कडेच्या अपूर्णांकात) छापलेले असत. ते नुसते उतरवून घेतले असते तर मात्र तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. इथे त्या आकड्यांवरून प्रत्येक बंधाची लांबी पुन्हा काढायची आणि निबंधात दिलेल्या लांबीशी ताडून पाहायची. समजा कड १० अँगस्ट्रॉमची आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आणि निर्देशांक ०.२३४५ च्या जागी ०.२४३५ छापलं गेलं. दोन आकड्यांची अदलाबदल, पण अणू ०.०९ अँगस्ट्रॉम सरकला. बेंझीनच्या कड्यातला १.३९ चा बंध त्या कडेला समांतर असेल तर १.४८ दिसतो आणि पलीकडचा आखडतो. एक लांब, एक आखूड, म्हणजे मधला अणू संशयित! ऋण चिन्ह गळलं असेल तर अणू रेणूतून थेट बाहेरच जातो. रचना किती चांगली जुळली ते सांगणारा आर-घटक अशा वेळी उपयोगाचा नाही, कारण तो छापखान्यात चूक होण्याआधीच काढलेला असतो. मग लेखकाला पत्र पाठवून खुलासा मागवायचा.

आता छपाईच्या चुका जवळजवळ गेल्या. १९९१ पासून ठरावीक मांडणीची संगणकीय फाइल आली, आकडे यंत्रातूनच येतात. पण क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, आणि कार्बनचे सहा, नायट्रोजनचे सात. एवढ्या फरकावर संशोधक एकाच्या जागी दुसरा लिहून बसतो. हायड्रोजन नोंदवायचा राहतो, विद्युतभार चुकतो, अणूंचा एखादा गट दोन जागी विभागलेला असतो. तिथे केमिस्ट्री येणारं माणूसच लागतं. बाबा, माझं काम हे आहे.

आणि यातून नवं काय मिळालं, हेही तुम्ही विचारणारच. कार्बनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनशी दुबळा ‘हायड्रोजन बंध’ करतो का, यावर बरीच वर्षं वाद होता. क्ष-किरणांत हा हायड्रोजन कार्बनच्या फार जवळ दिसतो, १.०९ ऐवजी सुमारे ०.९५, म्हणून त्यावर विसंबता येत नव्हतं. १९८२ मध्ये रॉबिन टेलर आणि केनार्ड यांनी न्यूट्रॉननं मोजलेल्या, म्हणजे हायड्रोजनची जागा नेमकी दाखवणाऱ्या, ११३ रचना संग्रहातून निवडल्या आणि असे बंध असतात हे दाखवलं. नवा एकही स्फटिक वाढवला नाही. गौतम देसिराजू यांनी हैदराबादला बसून याच संग्रहाच्या आधारे अशा दुबळ्या बंधांवर पुष्कळ काम केलं. १९८७ मध्ये केनार्ड आणि सहकाऱ्यांनी सेंद्रिय बंधलांबीची कोष्टकं छापली, ती आजही लोक उघडतात. त्याच वर्षी त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. १९८९ मध्ये संस्था स्वतंत्र, ना-नफा तत्त्वावर उभी राहिली. १९९७ पर्यंत त्याच संचालक होत्या. २०१९ मध्ये संग्रह दहा लाखांवर गेला, तो त्यांना पाहता आला. २०२३ मध्ये गेल्या.

औषधांशी याचा संबंध काय, तर एचआयव्हीवरचं रिटोनाविर आठवा. १९९८ मध्ये त्याच रेणूचा दुसरा, कमी विरघळणारा स्फटिक-प्रकार अचानक तयार होऊ लागला आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच, स्फटिकातली मांडणी वेगळी. असा धोका आधी ओळखायचा तर आजवरच्या लाखो रचनांत हायड्रोजन बंध सहसा कसे जुळतात ते पाहतात. तुम्ही स्फटिक वाढवायला तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून ग्लासात सोडायचात आणि ‘हलवू नकोस गं’ म्हणून ओरडायचात, ते सगळं मी सोडून चालले आहे असं वाटून घेऊ नका.

आई, तुझ्यासाठी: खोली ऑफिसपासून चालत जाण्याजोगी आहे, हीटर आहे, स्वयंपाकघर आहे. तांदूळ, डाळी, पीठ मिळतं. मेतकूट आणि गोडा मसाला तेवढा दे, लोणचं नको, बॅगेत सांडतं. थंडीचं जाकीट तिथेच घेईन, इथलं पुरत नाही.

तुमची सोय लावूनच निघणार आहे. सिलिंडरचं बुकिंग आणि विजेचं बिल मी फोनवरून करेन. टाकीच्या मोटरला आपोआप बंद होणारा स्विच बसवून देते, म्हणजे बाबांना गच्चीवर जायला नको. जायचं नाही म्हणजे नाही. संध्याकाळी मावशींना थांबायला सांगितलं आहे. आई, पैशांवरून त्यांच्याशी बोलू नकोस, ते माझ्याकडे.

आता गोळ्या. बाबा, तुमची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन स्वयंपाकघरातल्या फळीवरून आजच्या आज काढा. वाफेत ती विघटते. तुम्हाला काय सांगायचं, सॅलिसिलिक आणि ॲसेटिक आम्ल. पट्टी उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर टाकून द्या. वरचं आवरण पोटासाठी असतं, म्हणून तोडून, कुटून घ्यायची नाही. आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आई, सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं. वरचं नाव वेगळं दिसलं तरी पट्टीच्या मागचं बारीक नाव वाच, नाहीतर तापाची गोळी वेगळी घेऊन दुप्पट होतं. भिंग देवघराच्या खणात ठेवलं आहे.

आत्याला मीच कळवते, तुम्ही आधी सांगू नका. निघण्याआधी घरी येतेच आहे. तोवर बीपीची वही रोज भरा, दोघांचीही. बाबा, आईची राहते, ती तुम्ही लिहा.

तुमची
मनू