आधी सरकारी ऑफिसातलं जीमेल बंद करा : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आता पोरासोरांनाही पाठ झालंय. पण आलेला मेल खरा की खोटा हे बघायचं कसं, ते कोणी नीट दाखवत नाही, आणि सरकारी ऑफिसंच त्यात गोंधळ वाढवतात, म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीतल्या रिटायर्ड काकांना रिटर्न भरल्यावर मेल आला, रिफंड मंजूर झालाय, खालच्या लिंकवर खातं कन्फर्म करा. वर नाव इन्कम टॅक्स डिपार्टमेंट, बाजूला राजमुद्रा, सगळं जागच्या जागी. मोबाईलवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं ना, त्या नावावर टॅप केलं तेव्हा पूर्ण पत्ता उघडला, त्यात इन्कमटॅक्स होतं, गव्ह पण होतं, पण शेवटी डॉट कॉम! पत्ता शेवटाकडून बघायचा असतो. अगदी शेवटी गव्ह डॉट इन (gov.in) किंवा निक डॉट इन (nic.in) असेल तरच तो सरकारी, मधे गव्ह कोणीही घुसवू शकतं. आणि रिफंड इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर व्हॅलिडेट, म्हणजे पडताळणी, केलेल्या खात्यातच जमा होतो, त्यासाठी मेलमधून खातं नंबर मागत नाहीत. २०२३ मध्ये १५,४९० रुपयांच्या रिफंडचा मेसेज असाच फिरत होता, शेवटी पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, तो खोटा असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं समजावल्यावर काकांनी एका सरकारी ऑफिसचं पत्र पुढे ठेवलं, त्यावर ईमेल जीमेलचा. मग हे पण खोटं का, म्हणाले. काय सांगणार? पत्र खरंच होतं. असे जीमेल पत्ते ऑफिसच्या बोर्डावर, नोटिशीवर सर्रास दिसतात, आणि साहेबांच्या हुद्द्याच्या नावाने जीमेल खातं काढायला कोणाला असा कितीसा वेळ लागतो.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन वर यायला सांगितलं, हे डोमेन बँकांशिवाय कोणाला मिळतच नाही. आपल्याकडेही असंच करा. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत पत्रव्यवहार फक्त सरकारी डोमेनवरून, त्याची तारीख जाहीर करा. सोबत त्या डोमेनचं डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय का हे तपासणारं) सेटिंग कडक ठेवा, म्हणजे पत्ता हुबेहूब आपला दाखवून कोणी मेल पाठवला तरी तो इनबॉक्सपर्यंत पोचणं अवघड होईल.

आणि एक, सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा हेल्पलाइन नंबर प्रत्येक सरकारी मेलच्या खाली छापा. लोक फसल्यावर लाजेपोटी घरात पण बोलत नाहीत, तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात, लगेच फोन केला तर ते मधेच अडवता येतात.

पुढचं आयटीआर भरायचं सीझन यायच्या आत एवढं तरी व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
पुण्यातला एक करदाता